नान्नजच्या माळावर झाडं नकोत

सोलापूर,
२८ जून

प्रिय सुधीर,

तुझा निरोप मिळाला. कंपनीच्या पैशातून नान्नजच्या माळावर हजारो झाडं लावायची आणि इथली माणसं मी जमवायची, असा बेत दिसतोय. मी नाही जमवणार बे. रागावू नकोस, कारण सांगतो.

तो माळ ओसाड नाही. कुसळीच्या गवतात काळवीट, लांडगे, चंडोल नांदतात. माळढोकासाठी १९७९ मध्ये तिथे अभयारण्य झालं. त्या पक्ष्याला चौफेर मोकळं रान लागतं. झाडांच्या रांगा उभ्या केल्या की सावलीत गवत मरतं. माळढोक आताच दिसेनासा झालाय, त्यात फोटोपुरते खड्डे कशाला खणायचे?

सोलापूरला जंगल हवंच आहे, पण ते भीमाशंकरला. भीमा तिथूनच निघते आणि दौंडवरून आपल्या उजनी धरणात येते. पावसाळ्यात इथे आभाळाकडे कोण बघतं? चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न असतो, "दौंडहून विसर्ग किती?" २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी वजा साठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे मृतसाठ्याच्याही खूप खाली गेली होती, आठवतं? घाटातलं सदाहरित जंगल पावसाचं पाणी मुरवून ओढ्यांना सावकाश सोडतं. ते तुटलं की पाणी मातीसकट धावत येतं आणि धरणात गाळ साचतो.

आणि एकदा तुटलेलं ते जंगल वृक्षारोपणाच्या सोहळ्यांनी परत येत नाही. आपल्याकडे घाटातलं जंगल तोडून भरपाईची झाडं दूर कुठेतरी लावायची मुभा आहे. हिशेब कागदावर जुळतो, शेकरूला त्याचा काय उपयोग?

कोस्टा रिका बघ. १९८० च्या दशकात तिथे देशाच्या जेमतेम पाव भागावर जंगल उरलं होतं. १९९६ च्या कायद्याने जंगल मोडून कुरण करायला बंदी आली आणि पुढच्या वर्षीपासून इंधनावरच्या करातला वाटा जंगल राखणाऱ्या शेतकऱ्यांना मिळू लागला. गोमांसाचे भाव आधीच पडले होते, त्याचाही हातभार लागला म्हणा. आज निम्म्याहून जास्त देश जंगलाखाली आहे.

ब्राझीलमध्ये २००४ साली ॲमेझॉनचं २७,००० चौरस किलोमीटरहून जास्त जंगल तुटलं, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या जवळजवळ दुप्पट! मरीना सिल्वा तेव्हा पर्यावरणमंत्री होत्या. उपग्रहावरून पाळत, लगोलग धाडी, आणि २००८ पासून कागदपत्रं नीट नसतील तर शेतीकर्ज बंद. २०१२ ला तोड ४,६०० च्या आत आली. पुढे सरकारने हात सैल सोडले, तर २०२१ मध्ये ती पुन्हा १३,००० वर.

आपल्याकडे २००६ चा वनहक्क कायदा आहे, गावाला आपलं जंगल राखायचा आणि वापरायचा हक्क देणारा. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळवून जंगल राखलं, बांबूही विकला. भीमाशंकरच्या कुशीतल्या महादेव कोळी गावांना असे हक्क मिळाले, आणि पाणी पिणाऱ्या पुण्या-सोलापूरने जंगल राखण्याचे पैसे त्यांना दरवर्षी दिले, तर मी पाणीपट्टीत चार पैसे जास्त भरेन. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड आलं तरी भरेन!

तेव्हा साहेबांना सांग, रोपांचे पैसे आंबेगाव, जुन्नरच्या ग्रामसभांना हक्काचे दावे आणि नकाशे तयार करायला द्या. फोटो येणार नाहीत, हे आधीच सांगून ठेव.

पुढच्या महिन्यात पुण्याला येतोय, कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन. त्यांचं उत्तर तोवर काढून ठेव.

तुझा,
विजय