राखेचं बिल कुठे भरायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सौरऊर्जा परवडत नाही, कोळसाच बरा, असं सांगणारा कालच्या अंकातला लेख दोनदा वाचला. एकदा चहासोबत, एकदा रागात. लेखक पुण्याचे आहेत हे तळटीपेत दिसलं आणि बराच उलगडा झाला.

कोळसा स्वस्त पडतो म्हणे. आपल्याकडचा कोळसा शंभर किलो जाळला की तीस-चाळीस किलो राख उरते. वीज राज्यभर जाते, राख मात्र नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांपाशीच मुक्कामी. जुलै २०२२ मध्ये तिथल्याच खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि ती राख वाहत कन्हान नदीत गेली. त्याच कन्हानचं पाणी आपल्या नळाला येतं. हे कोणत्या युनिटच्या दरात धरलं, तेवढं लेखकांनी सांगावं. धुरातल्या सल्फर डायऑक्साइडची मर्यादा डिसेंबर २०१५ मध्ये ठरली, दोन वर्षांत पाळायची होती. मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक औष्णिक केंद्रांना धुरातला सल्फर काढणारी यंत्रं बसवण्यातून सूटच मिळाली. न केलेल्या खर्चाला स्वस्ताई म्हणायचं असेल, तर मीही दहा वर्षांत घराला रंग दिलेला नाही. फार स्वस्तात राहतो.

आता सौरऊर्जा का परवडत नाही ते मी सांगतो, कारण मी ती गच्चीवर बसवली आहे. तीन किलोवॉट. केंद्राचं ७८ हजारांचं अनुदान पाहून हिंमत केली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पॅनेल चढली. नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा) लागला जूनच्या १४ तारखेला! तोवर चालू करायचं नाही, असा नियम. म्हणजे आख्खा नागपूरचा उन्हाळा पॅनेल वर ऊन खात बसली आणि खाली दोन कूलर विकतच्या विजेवर. कार्यालयात (कोणत्या ते लिहीत नाही, अजून तिथेच जायचं आहे) सहा चकरा झाल्या. मीटर टेस्टिंगला गेलाय. टेस्टिंगहून आला, पण साहेब साइटवर गेलेत. साहेब आले, तर फाइल दुसऱ्या टेबलावर. दिवसाला अकरा-बारा युनिट धरा आणि हिशेब करा. मे महिन्याचं बिल मी जपून ठेवलं आहे, लेखकांना हवं तर झेरॉक्स पाठवतो.

त्यात बसवणाऱ्या ठेकेदाराचं म्हणणं, दारातला कडुनिंब तोडा, दुपारी तीननंतर सावली पडते. पर्यावरण वाचवायला कडुनिंब तोडायचा! सौ.नी त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं. तीननंतर वीज कमी मिळते. मिळू दे.

लेखकांचं एक म्हणणं मान्य. रात्री सूर्य नसतो आणि साठवणुकीच्या बॅटऱ्या महाग आहेत. शिवाय ४५ अंशांत पॅनेलही आपल्यासारखीच सुस्तावतात, हे त्यांना ठाऊक नसावं, नाहीतर तेही लिहिलं असतं. पण कोराडीत ६६० मेगावॉटचे तीन संच असताना त्याच क्षमतेचे आणखी दोन लावायचं ठरतं, २०२३ च्या मे महिन्यात भर उन्हात त्याची जनसुनावणी होते, आणि माझ्या गच्चीवरच्या तीन किलोवॉटला एक मीटर मिळत नाही, याला ऊर्जाधोरण म्हणतात का?

जाता जाता एक. टँकरबद्दलचं माझं मागचं पत्र आपण निम्मं कापून छापलंत, नेमकं ज्यात मुद्दा होता ते. या वेळी जागा कमी पडली तर वरचा नमस्कार कापावा, राखेचा परिच्छेद राहू द्यावा.

आपला,
एक नियमित वाचक
मानकापूर, नागपूर