ड्रॅगन रॅपिडची ओळख फ्रँकोपुरती नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्पेनच्या यादवीवरचा रविवार पुरवणीतला लेख वाचला. ११ जुलै १९३६ रोजी कॅप्टन सेसिल बेब लंडनजवळच्या क्रॉयडनहून डी हॅविलंड कंपनीचे ड्रॅगन रॅपिड विमान घेऊन निघाले आणि त्याच विमानाने पुढे जनरल फ्रँकोला (नंतरचा स्पेनचा हुकूमशहा) कॅनरी बेटांवरून मोरोक्कोत नेले, ही हकीकत बरोबरच आहे. पण 'फ्रँकोचे विमान' एवढ्यावर रॅपिडचा विषय उरकला, हे मनाला लागले. अशी सातशेहून अधिक विमाने बांधली गेली. त्यांतल्या एकाच्या, तेही भाड्याने घेतलेल्या, फेरीवरून सगळ्यांची ओळख ठरावी हे न्यायाचे नाही.

या विमानाच्या जन्मामागे एक बसमालक आहे. इंग्लंडमधल्या एसेक्सच्या एडवर्ड हिलमन यांना कमी भाड्यात पॅरिसपर्यंत प्रवासी न्यायचे होते. त्यांच्या मागणीवरून दोन इंजिनांचे 'ड्रॅगन' तयार झाले आणि १९३४ साली त्याच घराण्यातले, अधिक वेगाचे 'रॅपिड' उडाले. एकावर एक पंख, लाकडी सांगाडा, पंखांवर ताणून बसवलेले कापड, दोनदोनशे अश्वशक्तीची दोन जिप्सी सिक्स इंजिने आणि आत सहा ते आठ माणसे. वैमानिक एकटाच, अगदी नाकाशी बसे. आपल्या जागेवर पोहोचायला त्याला प्रवाशांच्या मधूनच वाट काढावी लागे! युद्धकाळात तर ट्राम आणि बसचे सांगाडे बांधणाऱ्या लफबरोच्या ब्रश कारखान्यातही ही विमाने बांधली गेली.

त्याचे खरे मोल कळते ते स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर. तिथल्या बॅरा बेटावर आजही विमान समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर उतरते. धावपट्टी दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्याखाली जाते, म्हणून वेळापत्रक ओहोटी पाहून आखावे लागते. अशा ठिकाणी अडलेली बाळंतीण किंवा जखमी कोळी वेळेत ग्लासगोच्या रुग्णालयात न्यायचा तर बोटीच्या भरवशावर राहून भागत नसे. १९५५ पर्यंत, हेरॉन ही नवी विमाने येईतो, स्कॉटलंडच्या हवाई रुग्णसेवेत ही लाकडी विमानेच राबत होती. कमी जागेत उतरणारी, समुद्रावर एक इंजिन बंद पडले तरी दुसरे हाताशी असणारी विमाने तिथे हवी होती. इंग्लंडच्या नैऋत्येकडच्या कॉर्नवॉलच्या टोकापासून सिली बेटांपर्यंतची रॅपिडची सेवा तर १९६४ पर्यंत चालली. जेट विमाने अटलांटिक ओलांडू लागली होती, तरी या बेटांच्या लोकांना हे तीस वर्षांपूर्वीचे विमानच उपयोगी पडत होते.

फ्रँकोला नेणारे विमान माद्रिदच्या संग्रहालयात जपून ठेवले आहे, त्याचे छायाचित्र आपण छापलेत. पुढच्या एखाद्या रविवारी बॅरा आणि सिलीच्या सेवेवर स्वतंत्र लेख द्यावा, आणि त्यासोबत बेटावर उतरलेल्या रॅपिडचे छायाचित्रही छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक