गावाच्या अभ्यासाला प्रौढशिक्षणाची मान्यता द्या: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

‘उल्लास’ या नावाने ओळखला जाणारा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आखलेला आहे. ही मुदत संपल्यावर पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी पुढे काय करायचे, हे राज्याला ठरवावे लागेल. ते ठरवताना ग्रामसभांच्या अभ्यासगटांना प्रौढशिक्षणाचे वर्ग म्हणून मान्यता द्यावी आणि गावाने आपल्या प्रश्नाचा स्वतः केलेला अभ्यास हा त्या वर्गाचा मुख्य पाठ मानावा, ही विनंती करण्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे.

या कार्यक्रमाची पाच अंगे आहेत: पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान, महत्त्वपूर्ण जीवनकौशल्ये, व्यावसायिक कौशल्ये, मूलभूत शिक्षण आणि निरंतर शिक्षण. पूर्व विदर्भातील ज्या गावांत मी स्वयंसेवक म्हणून जातो, तिथे यांपैकी पहिलेच अंग दिसते आणि तेही बहुतेक परीक्षेच्या निमित्ताने. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण, एकूण १५०. चाचणी झाली, प्रमाणपत्र मिळाले की गावाशी कार्यक्रमाचा संबंध संपतो. शिक्षक आणि स्वयंसेवक मनापासून काम करतात, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. प्रश्न आहे तो शिकलेले अक्षर उद्या सकाळी कुठे वापरायचे, याचे उत्तर कार्यक्रमात नसण्याचा.

हे उत्तर गावात असते. तेंदूपत्त्याचा हंगाम घ्या. सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक प्रमाणित गोणी, म्हणजे सत्तर हजार पाने. हा हिशेब कधीही शाळेत न गेलेल्या बाईलाही तोंडपाठ असतो. पण फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या केंद्रावर, मुन्शीने (हिशेब लिहिणाऱ्या कारकुनाने) तिच्या नावापुढे किती पुडे लिहिले, सडके म्हणून किती बाजूला काढले, मजुरी किती आणि मजुरीव्यतिरिक्त ग्रामसभेला मिळणारी रॉयल्टी किती, हे कागदावरचे असल्यामुळे तिच्या हातून निसटते. गेल्या दशकात विदर्भातील अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या. पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू असलेल्या गावांना आदिवासी उपयोजनेच्या ५ टक्के अबंध (विशिष्ट कामाशी न बांधलेल्या) निधीचा वाटा थेट मिळू लागला. म्हणजे ज्या माणसांना आपण निरक्षर म्हणून नोंदवतो, त्यांच्यावर निविदा वाचण्याची, करारनामा समजून घेण्याची आणि कीर्द लिहिण्याची जबाबदारी कायद्याने येऊन पडली आहे. गावातले दोन-चार शिकलेले तरुण ती सांभाळतात आणि बाकीचे हात वर करून संमती देतात. ग्रामसभेच्या हाती आलेली सत्ता अशी पुन्हा चार जणांच्या हाती जाऊ नये असे वाटत असेल, तर प्रौढशिक्षणाची खरी जागा इथे आहे.

हे करून दाखवलेले गाव आपल्याच राज्यात आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे जेमतेम शंभर घरांचे गोंड वस्तीचे गाव. गावचे नेते देवाजी तोफा आणि सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने तिथे अभ्यासगटाची जी रीत पडली, तिचे महत्त्व अजून शिक्षणखात्याने पुरते ओळखलेले नाही असे मला वाटते. गावातली माणसे एखाद्या विषयावर एकत्र बसतात, लागेल त्या जाणकाराला बोलावतात, त्याला प्रश्न विचारतात, माहिती पडताळतात. निर्णय मात्र ग्रामसभा घेते आणि तोही सर्वसहमतीने. बाहेरून आलेल्याला अभ्यासात स्थान आहे, निर्णयात नाही. मधमाश्यांचा नाश न करता मध कसा काढावा इथपासून वनहक्काच्या कायद्यापर्यंत अनेक विषय या बैठकांतून गेले. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली देशात ज्या गावांना सर्वप्रथम सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल वापरण्याचे व राखण्याचे गावाचे एकत्रित हक्क, मिळाले, त्यांत मेंढा होते आणि ते सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर मिळाले. तरीही बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना गावाला मिळेना. कायद्याच्या दुसऱ्या कलमात गौण वनोपजाच्या (इमारती लाकडाखेरीज जंगलातून मिळणाऱ्या वनस्पतिजन्य उत्पन्नाच्या) व्याख्येत बांबू स्पष्टपणे नमूद आहे. गावाला हे ठाऊक होते, म्हणून गाव हटले नाही. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवाना पुस्तिका ग्रामसभेकडे सोपवली. त्या पुस्तिकेमागे अभ्यासाची कित्येक वर्षे होती. त्या बैठकांत बसणाऱ्या सगळ्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, पण कायदा त्यांना समजला होता, आणि समजलेले वाचून पाहण्याची गरज त्यातूनच निर्माण झाली.

लोकसहभागाचा उलटा अनुभवही आपल्या पदरी आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी लोकांची जैवविविधता नोंदवही करण्याची तरतूद केली. आपल्या परिसरातील झाडे, मासे, बियाणी आणि औषधी यांचे लोकांजवळ असलेले ज्ञान लोकांनीच नोंदवावे, ही फार मोलाची कल्पना होती. पुढे राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, ती न पाळणाऱ्या राज्यांना दरमहा १० लाख रुपये भरायला सांगितले आणि देशभर नोंदवह्या पूर्ण करण्याची धावपळ सुरू झाली. वर्षानुवर्षे निष्क्रिय राहिलेल्या यंत्रणांना जाग आणण्याचा लवादाचा हेतू योग्यच होता. पण मुदतीपूर्वी वही भरणे हेच उद्दिष्ट झाले की गावाला विचारत बसायला कोणाला वेळ राहतो? अनेक ठिकाणी वह्या बाहेरच्या संस्थांनी भरल्या आणि ज्यांचे ज्ञान त्यांत नोंदले, त्यांना ती वही कधी वाचून दाखवलीही नाही. अभ्यासगटांना मान्यता देताना हाच धोका आहे. जिल्ह्याला उद्दिष्ट दिले, तर अभ्यासगटही महिनाभरात कागदावर तयार होतील.

साताऱ्यात १९५९ साली सुरू झालेली आणि नंतर राज्यभर नेलेली ग्रामशिक्षण मोहीम जुन्या पिढीला आठवत असेल. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ व्हायचा आणि तो गावाचा सण असायचा. त्या उत्साहाबद्दल मला आदर आहे. पण पाठपुरावा न झाल्याने शिकलेले टिकत नाही, हा तिच्यातून घेण्यासारखा धडा आहे.

लोकांनी स्वतः केलेल्या मोजमापावर विश्वास कसा ठेवायचा, असे आपले अधिकारी विचारतील. त्यांना गडचिरोलीतीलच ‘सर्च’ या आरोग्यसंस्थेचे काम दाखवावे. १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत बेताचे शालेय शिक्षण झालेल्या गावातल्याच स्त्रियांनी नवजात बाळांची वजने केली, श्वास मोजले, नोंदी ठेवल्या आणि उपचारही केले. त्या गावांतील नवजात मृत्यूदर तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाला आणि ते निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. शिकवण आणि देखरेख नीट असेल, तर गावातल्या माणसाची नोंद कुणापेक्षा उणी ठरत नाही.

म्हणून मागणी अशी आहे. पुढील टप्प्याच्या शासन निर्णयात ग्रामसभेच्या ठरावाने स्थापन झालेल्या अभ्यासगटाला प्रौढशिक्षण वर्गाचा दर्जा द्यावा, आणि किती गट व्हावेत याचे उद्दिष्ट कोणत्याही जिल्ह्याला देऊ नये. विषय गावाने निवडावा: कुठे तेंदूची कीर्द असेल, कुठे विहिरींची पाणीपातळी, कुठे रोजगार हमीच्या मजुरीचा हिशेब. अक्षरे आणि अंक त्या विषयातूनच शिकवावेत, आणि जिथे गोंडी, कोरकू किंवा भिली बोलली जाते तिथे चर्चा त्या भाषेत होऊ द्यावी. स्वयंसेवकाला सध्या मिळते त्या प्राइमरइतकेच (साक्षरतेच्या पाठ्यपुस्तिकेइतकेच) चर्चा चालवण्याचे प्रशिक्षण महत्त्वाचे मानावे. समोरच्या अनुभवी माणसाचे ऐकून घेणे हे शिकवण्याहून अवघड असते. लेखी चाचणी हवी तर ठेवावी, पण तिच्याबरोबर गटाने आपला अभ्यास ग्रामसभेपुढे मांडणे हेही मूल्यमापन धरावे. गावाने जमवलेली माहिती गावाच्या दप्तरी राहावी. कोणत्याही खात्याला ती हवी असेल, तर त्याने ग्रामसभेची संमती घ्यावी आणि वापर कसा केला ते परत येऊन सांगावे.

यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. ग्रामविकास, आदिवासी विकास आणि वन या तीन खात्यांशी आपल्या खात्याने एकत्र बसणे मात्र आवश्यक आहे, कारण गावाचा प्रश्न खाते पाहून उभा राहत नाही. राज्यभर एकदम आदेश काढण्याआधी, सामूहिक वनहक्क मिळालेल्या आणि स्वेच्छेने पुढे येणाऱ्या काही ग्रामसभांपासून सुरुवात करावी आणि खात्यांच्या या बैठकीला त्या ग्रामसभांचे प्रतिनिधी बोलवावेत. मसुदा तयार झाल्यावर तो मराठीत आणि त्यांच्या बोलीत त्यांना वाचून दाखवावा आणि त्यांच्या दुरुस्त्या आल्यावरच त्यावर सही करावी, एवढी विनंती आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक साक्षरता स्वयंसेवक