उरलंसुरलं कसं म्हणता?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जोनी मिचेल यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांच्या संचांवरचा लेख वाचला. या कॅनेडियन गायिका-गीतकारावर मराठीत कुणी पानभर लिहिलं, याचाच आधी आनंद झाला. पण ‘स्टुडिओतलं उरलंसुरलं चाहत्यांच्या गळ्यात मारणं’ हा लेखातला शेरा मनाला लागला.

२०२० मध्ये आलेला पहिला संच १९६३ ते १९६७ या वर्षांचा आहे. पाच सीडी, जवळजवळ सहा तास. जोनी यांचा पहिला अल्बमच मुळी १९६८ चा, मग त्याआधीचं स्टुडिओतलं उरणार काय? यातलं बहुतेक सगळं रेडिओवरचं, कॉफीहाऊसमधलं आणि घरी टेप केलेलं आहे. एक टेप तर आईच्या वाढदिवसाला पाठवलेली. आणि यातली २९ गाणी त्यांची स्वतःची असूनही त्यांच्या आवाजात त्याआधी कधीच प्रसिद्ध झाली नव्हती.

संच उघडतो तो कॅनडातल्या सॅस्कटून शहरातल्या एका रेडिओ केंद्रावर. एकोणीस वर्षांची मुलगी, हातात युकेलेली, म्हणजे गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य, आणि गाणी पारंपरिक लोकगीतं. स्वतःचं एकही नाही. तिथून दोन-तीन वर्षांत ती काय लिहू लागते, हे क्रमानं कानांवर पडतं. सुटे अल्बम ऐकून हा प्रवास कळत नाही, तिथे आपल्याला थेट पोहोचलेली बाईच भेटते.

माझ्यासाठी यात आणखी एक गोष्ट आहे. मला लहानपणी पोलिओ झाला आणि डाव्या हाताची पकड कमी राहिली. कॉलेजात गिटार शिकायला गेलो, तेव्हा दोन महिन्यांत शिक्षकांनी सांगितलं, “या हातानं नाही व्हायचं.” मी गिटार कपाटावर ठेवली. जोनी यांना नवव्या वर्षी पोलिओ झाला होता आणि त्यांचाही डावा हात कमजोर झाला होता, हे मला फार उशिरा कळलं. नेहमीच्या पद्धतीत बोटांची जी अवघड मांडणी लागते ती झेपेना, म्हणून त्यांनी ताराच वेगळ्या सुरांत लावल्या. आमच्या मिरजेत तंबोरे बनतात, त्यामुळे मला हे चटकन समजलं. पंचम नसलेल्या रागाला आपण पहिली तार मध्यमाला लावतोच की! तार आधीच हव्या सुरात असली, की बोटांचं काम हलकं होतं. जोनी यांनी अशा पन्नासहून अधिक जुळण्या वापरल्या. पहिल्या संचापासून ऐकत गेलं, की या जुळण्या एकेक करून येताना ऐकू येतात. मी त्या वही घेऊन ऐकल्या आहेत.

दुसऱ्या संचातली ओटावाची टेप तर लेखात यायलाच हवी होती. मार्च १९६८. गिटारवादक जिमी हेंड्रिक्स त्याच गावात आपला कार्यक्रम संपवून मोठा टेपरेकॉर्डर घेऊन ‘ल हिबू’ या कॉफीहाऊसमध्ये आला आणि मंचाच्या कडेला गुडघे टेकून त्यानं जोनी यांचं गाणं टेप केलं. काही दिवसांतच ती टेप चोरीला गेली. पुढे कित्येक वर्षांनी कुणाच्या तरी खासगी संग्रहातून ती कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पोहोचली आणि २०२१ मध्ये आपल्याला ऐकायला मिळाली. एवढ्या मोठ्या गिटारवादकाला जे जपून ठेवावंसं वाटलं, ते उरलंसुरलं कसं?

स्वतः जोनी यांनाही ही सुरुवातीची गाणी वर्षानुवर्षं नकोशी होती. ‘लोकगीत गायिका’ म्हटलेलं त्यांना खपत नसे. संचासाठी हे सगळं पुन्हा ऐकलं, तेव्हा आपल्या सुरुवातीला आपण माफ केलं, असं त्यांनी सांगितलं आहे.

किमतीबद्दलची लेखकाची तक्रार मात्र खरी आहे. हे संच आपल्याकडे परवडत नाहीत, मीही मुलाच्या फोनवरच ऐकतो.

माझी एकच विनंती. लेखकांनी ओटावाची टेप रात्री शांतपणे, सलग ऐकावी आणि मग पुन्हा लिहावं. तो लेख वाचायला मी थांबलो आहे.

आपला,
एक नियमित वाचक, मिरज