कोर्लईला चढ कमी आहे

नाशिक,
12 नोव्हेंबर 2025

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बोलणं होतंच, पण फोन एकदा चिकूच्या हातात गेला की परत मिळत नाही, आणि बाबा स्पीकरवर "हो, हो" याच्या पुढे जात नाहीत. शिवाय आई, परवा मावशीसमोर तू जे बोललीस त्याचं उत्तर दोन वाक्यांत होण्यासारखं नव्हतं. "समुद्र इथून दीडशे किलोमीटरवर, आणि आमच्या हिला वेड कशाचं, तर दीपगृहांचं!" मावशी हसली, मीही हसले. तुझं म्हणणं चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. म्हणून लिहायला बसले. पत्र लांबेल. बाबा, चष्मा लावा आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवा.

घरचं सगळं ठीक. तुळस जिवंत आहे, मोटर दुरुस्त झाली. 2027 च्या सिंहस्थासाठी अर्धं गाव खणून ठेवलंय, त्यामुळे पंचवटीत पाहुण्यांना घेऊन जायचं तर आधी रिक्षावाल्याला विचारावं लागतं की आज कुठला रस्ता चालू आहे. गंगेवर गर्दी आहेच.

आता मुद्द्याचं. गाईड म्हणून माझा दिवस सुरू होतो पांडवलेण्याच्या पायऱ्यांवर. पाहुणे धापा टाकत वर येतात, फोटो काढतात आणि विचारतात, पांडव इथे किती दिवस राहिले? राहिलेच नव्हते, हे सांगून मी त्यांना दहाव्या लेण्याच्या ओसरीत उभं करते. तिथे भिंतीवर क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे. सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा. त्यात त्यानं काय काय दान केलं त्याची यादी आहे, आणि ती यादी वाचताना आपण डोंगरात आहोत हे विसरायला होतं. भरुकच्छ, म्हणजे भडोच, आणि शूर्पारक, म्हणजे आपलं नालासोपाऱ्याचं सोपारा, इथे त्यानं धर्मशाळा बांधल्या. दमण, तापी, डहाणू अशा नद्यांवर लोकांना फुकट पलीकडे नेण्यासाठी नावा ठेवल्या. एका गावातली 32,000 नारळाची झाडं दान दिली. नाशिकच्या दगडावर नारळ, आई! गोवर्धनचं नावही त्याच लेखात आहे; तेच, गंगापूरच्या वाटेवरचं, जिथे आपण हुरडा खायला जायचो.

बाबा, तुमच्यासाठी एक खास गोष्ट. त्याच लेण्यात ठेवीचा हिशेबही कोरलाय. 3,000 कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे संघांकडे, कायमचे ठेवले: 2,000 एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजानं, 1,000 दुसरीकडे दरमहा पाऊण टक्क्यानं. व्याजातून लेण्यातल्या भिक्षूंचा खर्च भागायचा, मुद्दल मोडायचं नाही. महिन्याला एक टक्का! तुम्ही बँकेत पाव टक्क्यासाठी मॅनेजरशी वाद घालता, म्हणून सांगितलं.

मग मी पाहुण्यांना तिसऱ्या लेण्यात नेते. तिथे गौतमी बलश्रीनं आपल्या मुलाचं, नहपानाला हरवणाऱ्या सातवाहन राजाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, कौतुक कोरून घेतलंय. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, असं ती म्हणते. मुलगा गेल्यावर, नातवाच्या कारकिर्दीत तिनं हे लिहवून घेतलं. आई, तू माझं कौतुक निदान मावशीला तरी सांग, दगड नको.

तर समुद्र दीडशे किलोमीटरवर आहे हे खरं, पण या गावाचा पैसा, राजांची भांडणं, व्यापाऱ्यांची दानं, सगळं समुद्रावरून घाट चढून आलेलं आहे. 1906 मध्ये जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी. त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला शिक्का मारलेला, आणि खालून नहपानाचा चेहरा आणि ग्रीक अक्षरं डोकावतात. ग्रीक अक्षरं नाशिकजवळच्या शेतात कशी आली, हे बंदरं पाहिल्याशिवाय कळत नाही. मी बंदरं पाहायला म्हणून कोकणात उतरले. बंदरांत बघायला फार काही उरलेलं नाही, गाळ आणि खारफुटी. त्यांच्या डोक्यावर उभी असलेली दीपगृहं मात्र आहेत. तिथून वेड लागलं.

आणि आई, तू रोज जिच्याखालून जायचीस ती नारोशंकराची घंटा? 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, त्या विजयातली ती घंटा, असं आपल्याकडे सांगतात. देऊळ 1747 चं. पुराचं पाणी कुठवर चढलं हे आपण तिच्यावरून आणि गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीवरून मोजतो. 1969 च्या महापुराचं बाबा अजून सांगतात. मारुतीच्या कमरेला पाणी, गळ्याला पाणी, आता मारुती दिसत नाही: एवढं ऐकलं की सराफ बाजार दुकानं आवरायला लागतो. कोळी लोक खडपावरच्या खुणेकडे पाहून होडी वळवतात, ते यापेक्षा वेगळं नाही. त्यामुळे नाशिककरणीला दीपगृह परकं वाटायचं काही कारणच नाही.

आता दीपगृहाबद्दल. काय बघायचं त्या खांबात, असं तू विचारलंस. बाहेरून खरंच काही नाही. गंमत वर काचेच्या खोलीत आहे. मधोमध दिवा असतो, आपल्याला वाटतं त्यापेक्षा फारच लहान. त्याच्याभोवती काचेच्या लोलकांची कडी एकावर एक रचलेली असतात, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. दिव्याचा जो प्रकाश वर आकाशात आणि खाली जमिनीकडे वाया गेला असता, तो ती कडी वळवून एका आडव्या झोतात आणतात. ही युक्ती फ्रेनेल नावाच्या फ्रेंच इंजिनिअरची. 1823 मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआन दीपगृहावर ती पहिल्यांदा बसवली. म्हणजे बत्ती मोठी करायची नाही, आहे तो उजेड वाया जाऊ द्यायचा नाही. आई, हे तुझ्या स्वयंपाकघरातलंच शास्त्र आहे.

दुसरी गोष्ट मला त्याहून आवडते. प्रत्येक दीपगृहाची लुकलुक वेगळी. कुणी ठरावीक सेकंदांनी एकदा चमकतं, कुणी लागोपाठ दोनदा चमकून मग थांबतं. जहाजावरचा माणूस अंधारात सेकंद मोजतो, हातातल्या यादीशी ताडतो आणि त्याला कळतं, हे अमुक ठिकाण. बाबा, तुम्हाला रात्री एसटी चालवताना समोरून येणाऱ्या गाडीच्या नुसत्या दिव्यांवरून कळायचं ना, की ही धुळ्याची आहे की शिर्डीची? आम्हाला थाप वाटायची. आता वाटत नाही.

पूर्वी ही भिंगं फिरवायला घड्याळासारखी यंत्रणा असे. मनोऱ्याच्या पोकळीत वजन सोडलेलं, ते हळूहळू खाली उतरे आणि भिंग फिरे. वजन तळाला गेलं की राखणदारानं पुन्हा चावी द्यायची, रात्रभर. तेलाचे दिवे गेले, रॉकेलचे गेले, वीज आली, आता एलईडी आणि सौर पट्ट्या. माणूस कमी लागतो. पण जिथे आहे, तिथे त्याच्याशी बोलावं. गुहागरजवळ अंजनवेलला टोळकेश्वरचं दीपगृह आहे, तिथल्या एका राखणदारानं मला भिंग दाखवायच्या आधी मुलाच्या दहावीची आणि स्वतःच्या बदलीची सगळी हकिकत सांगितली. मग म्हणाला, "मॅडम, लोक वर येतात, समुद्राचा फोटो काढतात आणि दिव्याकडे पाठ करून खाली जातात." मी दिव्याकडे पाहत होते, म्हणून तो खूष. मुक्कामी गाडी घेऊन गेल्यावर गावातल्या एखाद्या ओसरीवर तुमच्याही अशाच गप्पा होत असणार, बाबा. पहाटेची पहिली गाडी वेळेवर सुटली याचं कौतुक कोण करतं?

दादानं पुण्याच्या त्या नोकरीबद्दल पुन्हा विचारलं. एसी ऑफिस, टूरची बुकिंग घ्यायची, रविवारी सुट्टी. नाही म्हणाले. पगार बरा होता, पण कुणाला तरी दुसऱ्याच्या वाटा विकत बसायचं, ते मला जमायचं नाही. सिंहस्थात इथे मला श्वास घ्यायला फुरसत मिळणार नाही एवढं काम आहे, तेव्हा त्याची काळजी नको.

म्हणूनच आता खरं कारण. सिंहस्थाची धावपळ सुरू व्हायच्या आत, संक्रांत झाली की तुम्हा दोघांना कोकणात न्यायचं ठरवलंय. दादाला सांगून टाका, तो "दोघांना एवढ्या लांब?" म्हणेल, त्याला हे पत्र द्या. मी बाबांच्या गुडघ्याचा हिशेब करूनच सगळं आखलंय.

खांदेरी रद्द. मला फार न्यायचं होतं. यंदा जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत शिवकाळातले 12 किल्ले आले, त्यात आपल्या जिल्ह्यातला साल्हेर आहे आणि समुद्रातली खांदेरीही आहे. 1679 मध्ये महाराजांनी मुंबईच्या तोंडावर तिथे किल्ला बांधायला घेतला, तो होऊ नये म्हणून इंग्रजांनी गलबतं पाठवली, मायनाक भंडारींनी दाद दिली नाही. आणि 1867 मध्ये त्याच बेटावर इंग्रजांनीच दीपगृह उभारलं. आज त्याला नाव आहे कान्होजी आंग्र्यांचं! पण थळहून होडीनं जायचं, हलत्या होडीतून उतरायचं, ते बाबांना नको. किनाऱ्यावरून पाहू.

त्याऐवजी कोर्लई. रेवदंड्याचा पूल ओलांडला की कुंडलिकेच्या पलीकडे गाव आहे. दीपगृहापर्यंत गाडी जाते, मनोरा बुटका आहे, चढ कमी आहे. मागून किल्ल्यावर पायऱ्या जातात, तिथे मी एकटी जाऊन येईन, तुम्ही खाली दिव्यापाशी बसा. 1740 मध्ये पोर्तुगीज तिथून गेले, पण गावातली काही घरं अजून पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली आपली बोली बोलतात. आई, तुला ऐकायला मजा येईल, तू कुणाशीही दहा मिनिटांत नातं जोडतेस.

चौलला रामेश्वराचं दर्शन. दीपमाळ आहे, पुष्करणी आहे, तुझ्या मनासारखं शांत देऊळ. दत्ताच्या टेकडीला मात्र खूप पायऱ्या आहेत, ती खालूनच नमस्कार करून सोडायची. रेवदंड्यात सातखणी मनोरा आहे, सात मजले आता शिल्लक नाहीत, पण उभा आहे. रात्री एका घरगुती खानावळीत मुक्काम. जानेवारीत पोपटी मिळते, वालाच्या शेंगा आणि बटाटे भांबुर्डीच्या पाल्यात घालून मडक्यात भाजतात. अंडी-कोंबडीची वेगळी करतात, तेव्हा तुझा उपास-वार कुठलाही असला तरी अडचण नाही.

रस्त्यावरून भांडण होणार हे मला माहीत आहे. समृद्धीवर इगतपुरीपासूनचा शेवटचा टप्पा यंदा 5 जूनला सुरू झाला. जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे, घाट कळतसुद्धा नाही. बाबा म्हणणार, घाट कळत नसेल तर प्रवास कसला. मान्य. जाताना जुन्या कसारा घाटानं जाऊ, घाटनदेवीला नारळ फोडू, तुम्ही मला प्रत्येक वळणाची माहिती द्या. येताना दमलेलो असू, तेव्हा बोगद्यानं येऊ. वडखळला जे काय ट्रॅफिक लागेल त्याला माझा इलाज नाही.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत देशातल्या 75 दीपगृहांवर पर्यटकांसाठीच्या सोयी सुरू झाल्या. मला थोडी धाकधूक आहे की उद्या सगळीकडे सेल्फीचे कट्टे होतील. पण लिफ्ट झाली कुठे तर बाबांना वर नेता येईल, म्हणून तक्रार करत नाही.

येताना बीपीच्या गोळ्या जास्तीच्या घ्या, डॉक्टरांची चिठ्ठी आणि कानटोपी. आई, खाण्याचे डबे करत बसू नकोस, फक्त तुझे मेथीचे ठेपले, आणि चिवडा मी इथून घेते. पुढची सीट बाबांची. पण मी चालवत असताना ब्रेक मारल्यासारखा पाय दाबायचा नाही. गेल्या वेळी त्र्यंबकला जाऊन आल्यावर गुडघा दुखला तो चढामुळे नाही, त्यामुळे.

चिकूला गोड पापा. उत्तर फोनवर चालेल, पण हो की नाही ते स्पष्ट सांगा, खोली आगाऊ सांगून ठेवावी लागते.

तुमची,
मनू