२० अधिक ११ वजा २७

प्रिय निखिल,

तुझं पत्र मिळालं. "आकड्यांवरून खेळ कळला असता तर सामने खेळवायचेच कशाला?" हे वाचून हसू आलं. पण पुरावा म्हणून तू जो सामना पुढे केलास, तो नेमका माझ्याच बाजूने साक्ष देणारा आहे. म्हणून हे लांबलचक उत्तर. चहा घेऊन बस.

१९ जून २०१६, ओकलंड. एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या फायनल मालिकेचा सातवा, निर्णायक सामना. क्लीव्हलंड कॅव्हेलियर्स ९३, गोल्डन स्टेट वॉरियर्स ८९. तू म्हणतोस की नुसता बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याचा आकड्यांचा तक्ता, वाचणारा माणूस शपथेवर सांगेल, वॉरियर्सच्या ड्रेमंड ग्रीनचा संघ जिंकला असणार. ग्रीनची ओळ आहेच तशी. ३२ गुण, १५ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं), ९ असिस्ट (साथीदाराच्या बास्केटआधीचा पास). १५ शॉट्सपैकी ११ आत, थ्री-पॉइंटर (लांबून मारलेला तीन गुणांचा शॉट, थोडक्यात थ्री) ८ पैकी ६. त्यातले २२ गुण तर पहिल्या हाफमधले, आणि तोपर्यंत मारलेले पाचही थ्री आत गेलेले. त्या रात्री मैदानावर त्याच्याइतकं अचूक कोणीच खेळलं नाही, हे मी बिनशर्त मान्य करतो.

पण तू एकच ओळ वाचलीस आणि तक्ता मिटलास. जरा खाली ये, संघाच्या बेरजेपर्यंत. वॉरियर्सने ४१ थ्री मारले, १५ आत गेले. कॅव्हेलियर्सने २५ मारले, फक्त ६ आत. म्हणजे थ्रीच्या जोरावर वॉरियर्स २७ गुणांनी पुढे. एवढी आघाडी घेऊन हरायचं कसं? तर असं: दोन गुणांची बास्केट कॅव्हेलियर्सची २७, वॉरियर्सची १७. तिथे २० गुण भरून निघाले. फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे एकेका गुणाचे शॉट) कॅव्हेलियर्सचे २५ पैकी २१, वॉरियर्सचे १३ पैकी १०. तिथे आणखी ११. वीस अधिक अकरा वजा सत्तावीस, बाकी चार. अख्खा निकाल या एका वजाबाकीत आहे. एकूण शॉट्स बघशील तर दोघांत फरकच नाही: एकाचे ८२ पैकी ३३, दुसऱ्याचे ८३ पैकी ३२. एक संघ लांबून मारत राहिला, दुसरा रिंगखाली घुसून धक्के खात आणि फ्री थ्रो मिळवत राहिला. रिबाउंडही ४८ विरुद्ध ३९.

आता ग्रीनचे सहा थ्री बाजूला काढ. उरलेल्या वॉरियर्सनी ३३ मारले आणि ९ आत घातले. स्टीफन करी १४ पैकी ४, क्ले थॉम्पसन १० पैकी २. हा तोच करी, ज्याने त्या हंगामात ४०२ थ्री आत घालून एकमताने एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडूचा मान) पटकावला होता, आणि हा तोच संघ, ज्याने ८२ पैकी ७३ सामने जिंकले होते. तेव्हा ग्रीनवर अन्याय झाला असेल तर तो आकड्यांनी केलेला नाही. त्याच्या वरच्या-खालच्या ओळींनी केला, आणि त्या ओळी त्याच तक्त्यात छापलेल्या आहेत.

तुझा दुसरा मुद्दा त्या ब्लॉकचा, म्हणजे हवेतच अडवलेल्या शॉटचा. तो मात्र मला खरंच विचारात पाडून गेला. ८९–८९ अशी बरोबरी, सामना संपायला दोन मिनिटांहून कमी. करीकडून पास घेऊन आंद्रे इग्वोडाला लेअपसाठी (रिंगजवळून चेंडू आत टाकायला) उडतो, कॅव्हेलियर्सचा जे. आर. स्मिथ आडवा आल्यामुळे त्याला चेंडू किंचित उशिरा सोडावा लागतो, आणि तेवढ्यात मागून धावत आलेला स्मिथचा साथीदार लेब्रॉन जेम्स चेंडू बोर्डवर चिरडतो. तक्त्यात याचं काय उरलं? लेब्रॉनच्या नावापुढे ब्लॉकच्या रकान्यात ३. त्यातला हा एक. बाकीच्या दोन ब्लॉकची किंमतही तेवढीच. आणि स्मिथच्या नावावर तर त्याबद्दल काहीच नाही! इथे तुझं बरोबर आहे: आकड्याला वेळ कळत नाही.

पण माझं म्हणणं असं की त्याच कागदावर वेळही शोधता येते. क्वार्टरचे गुण बघ. कॅव्हेलियर्स २३, १९, ३३, १८. वॉरियर्स २२, २७, २७, १३. शेवटच्या क्वार्टरमध्ये ७३ सामने जिंकलेल्या संघाचे तेरा गुण! त्यातही क्ले थॉम्पसनच्या लेअपने ८९–८९ झालं तेव्हा ४ मिनिटं ३९ सेकंद बाकी होती. त्यानंतर वॉरियर्सच्या खात्यात एकही गुण नाही. कॅव्हेलियर्सचेही फक्त चार: ५३ सेकंद उरलेले असताना कायरी अर्व्हिंगने करीच्या डोक्यावरून मारलेला थ्री, आणि शेवटी लेब्रॉनचा दोनपैकी एक फ्री थ्रो. त्या साडेचार मिनिटांत दोन्ही संघांचे मिळून चार गुण. लोकांना अर्व्हिंगचा शॉट आठवतो. मला त्याच्याआधीचा तो कोरडा काळ जास्त थरारक वाटतो. सगळ्यांचे पाय जड झालेत, एकापाठोपाठ एक शॉट रिंगवर आपटून बाहेर येतोय आणि फलक हलायलाच तयार नाही.

आणि कॅव्हेलियर्सचा केव्हिन लव्ह. त्याच्याबद्दल तू अवाक्षर काढलं नाहीस. गुण ९, शॉट्स ९ पैकी ३. ओळ वाचून कोणी दुसऱ्यांदा बघणार नाही. पण रिबाउंड १४ आणि प्लस-मायनस अधिक १९. संघ जिंकला चारने. म्हणजे लव्ह मैदानावर असताना संघ १९ ने वर आणि तो बाकावर बसला की १५ ने खाली. एका सामन्याच्या प्लस-मायनसवर मी सहसा विश्वास ठेवत नाही, चार बरे साथीदार मिळाले की कोणाचाही आकडा फुगतो. पण अर्व्हिंगच्या थ्रीनंतर काय झालं ते आठव. करीसमोर आला तो लव्हच, अंगाने अवजड, पायाने सावकाश, करीसाठी अगदी आयतं सावज. करीने डावीउजवीकडे झुलवून पाहिलं, मागे गेला, पुन्हा आला, लव्ह हलला नाही. शेवटी घाईने मारलेला थ्री चुकला. तक्त्यात तो करीच्या न लागलेल्या दहा थ्रींपैकी एक. लव्हच्या ओळीत त्याची नोंद कुठेच नाही, तो अधिक १९ सोडला तर.

लेब्रॉनचं वेगळं सांगत नाही. २७ गुण, ११ रिबाउंड, ११ असिस्ट, आणि शॉट्स मात्र २४ पैकी ९, म्हणजे नेम फारसा नव्हताच. तरी संपूर्ण मालिकेत दोन्ही संघांत मिळून गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील (चेंडू हिसकावणं) आणि ब्लॉक या पाचही रकान्यांत पहिला तोच. असं याआधी प्लेऑफच्या कुठल्याच मालिकेत झालं नव्हतं.

एक गोष्ट मात्र तुला ठाऊक नसणार. पहिल्या सहा सामन्यांचे गुण मिळवून बघ. क्लीव्हलंडचे ८९, ७७, १२०, ९७, ११२, ११५. गोल्डन स्टेटचे १०४, ११०, ९०, १०८, ९७, १०१. दोन्ही बेरजा ६१०! त्यात एक सामना ३३ गुणांनी संपलेला, दुसरा ३० ने, आणि तरी सहा सामन्यांनंतर दोघे तंतोतंत सारखे. सातव्यात ८९–८९ झालं तेव्हा मालिका ६९९–६९९ वर उभी होती. हे तू नुसता सामना बघून मला सांगितलं असतंस का?

आता तुझ्यासाठी एक काम. १९६९ च्या फायनलचा सातवा सामना काढ. लेकर्सच्या जेरी वेस्टचे ४२ गुण, १३ रिबाउंड, १२ असिस्ट, आणि संघ सेल्टिक्सकडून १०६–१०८ असा हरला. फायनलचा एमव्हीपी तरीही वेस्टच, हरलेल्या संघातून तो मान मिळालेला आजवरचा एकटा. ग्रीनची बाजू लढवायची तर या सामन्याच्या आधारे लढव, मी ऐकून घेईन. फक्त या वेळी वेस्टच्या ओळीवर थांबू नकोस. लेकर्सच्या फ्री थ्रोचा रकाना आधी बघ आणि मग लिही.

तुझा,
अभय