विल्यमचं घर आणि माझी शपथ

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय दिन्या,

तब्येत ठीक, शुगर आटोक्यात. हे पत्र एका कामासाठी आहे, आणि ते दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

काल पर्थ अँबॉयला जाऊन आलो. बेंजामिन फ्रँकलिनचा मुलगा विल्यम राहायचा ते घर अजून उभं आहे. न्यू जर्सीचा इंग्लंडच्या राजानं नेमलेला शेवटचा गव्हर्नर; बाप मात्र स्वातंत्र्यवाल्यांच्या बाजूला. 1776 च्या जूनमध्ये स्वातंत्र्यवाल्यांनी त्याला तिथूनच धरून नेलं. होस्टेलवर तू त्याला सूर्याजी पिसाळ म्हणाला होतास आणि आपण आठवडाभर अबोला धरला होता. तेव्हाची चहाची उधारी तुझ्याकडे बाकी आहे, विसरू नकोस!

अरे, पिसाळाला वतन हवं होतं. याला काय मिळालं? पतंगाच्या प्रयोगात बापाच्या शेजारी उभा राहिलेला हा पोरगा. बेंजामिननं आत्मचरित्र लिहायला घेतलं तेही त्यालाच उद्देशून. पण त्यानं राजाची शपथ घेतली होती, ती मोडेना. 1775 मध्ये त्यांचा मित्र गॅलोवे याच्या ट्रेव्होजच्या घरी बाप, लेक आणि गॅलोवे असे तिघं बसले. गॅलोवेनं आदल्याच वर्षी काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकन वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेपुढे, मधला मार्ग ठेवला होता: राजा तोच, पण वसाहतींची स्वतःची मोठी सभा. तिथेही कुणी कुणाचं ऐकलं नाही. पुढे विल्यम कनेक्टिकटच्या कैदेत असताना न्यू यॉर्कला बायको अखेरच्या दुखण्यात होती. भेटायला सोडा म्हणून त्यानं सेनापती वॉशिंग्टनला विनवलं. काँग्रेसनं नाही म्हटलं. 1777 मध्ये ती गेली. विल्यमच्या मुलाला आजोबा बेंजामिन पॅरिसला घेऊन गेले होते. बापानं 1783 मध्ये इंग्लंडशी तह केला, मुलाशी नाही. मृत्युपत्रातही त्याला जवळजवळ काही ठेवलं नाही.

मला बापाचा राग येतो रे. आणि भीती वाटते.

पुढच्या महिन्यात माझी नागरिकत्वाची शपथ आहे. आधीच्या देशावरची निष्ठा पूर्णपणे सोडली, असं हात वर करून मोठ्यानं म्हणायचं असतं. अण्णांना अजून बोललेलो नाही. गोव्याच्या सत्याग्रहात लाठ्या खाल्लेला माझा बाप! पोरांची शिक्षणं, नोकरी, व्हिसाची टांगती तलवार, हे सगळं खरं असलं तरी फोनवर तोंडातून शब्द फुटत नाही. आई असती तर तिनं सांभाळून घेतलं असतं.

मेघनाचं लग्न ठरलं, फार आनंद झाला. तुझ्या घराचा स्लॅब पडला का? वहिनींना नमस्कार.

रविवारी अण्णांकडे जातोसच ना? विषय काढून बघ. ते चिडले तर चिडू देत, पण काय म्हणाले ते शब्दन् शब्द कळव. मग मी फोन करतो.

तुझा,
बाळ्या